कंपनीला जाब विचारताना: गावातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी पायऱ्या, कागद आणि खबरदारी

गावच्या हद्दीत खाण, कारखाना किंवा बंदर येणार असं कानावर आलं की दोन-तीन जण पुढे होतात. एक ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारतो, एक बाई माहिती अधिकाराचा अर्ज टाकते, एक पोरगा मोबाईलवर डंपरचे फोटो काढत फिरतो. थोड्याच दिवसांत या सगळ्यांची नावं कंपनीच्या माणसांना पाठ होतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी वकील नाही. आमच्या भागातल्या एका दगडखाणीविरुद्धच्या लढ्यात कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि मग आजूबाजूच्या गावांतून फोन येऊ लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘आम्हाला याची कल्पना नव्हती’ हे कंपन्यांचं आवडतं उत्तर. खालच्या बहुतेक पायऱ्या हे उत्तर त्यांच्या तोंडून काढून घेण्यासाठी आहेत. धमकी, मारहाण, खोटा गुन्हा यातलं काही घडण्याआधीच कंपनीला, पोलिसांना आणि पैसा पुरवणाऱ्याला माहीत होतं हे दाखवणारा कागद तुमच्या हातात हवा.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. शांततेच्या मार्गाने हक्कांसाठी झटणारा कोणीही त्या अर्थाने रक्षक असतो. त्यासाठी ओळखपत्र, पद किंवा नोंदणीकृत संस्था लागत नाही. भारतात मात्र अशा लोकांसाठी वेगळा कायदा नाही. इकडचं एक कलम, तिकडचं एक असं करतच निभावून न्यावं लागतं.

१. समोर नेमकं कोण आहे ते शोधा

फाटकावर कंत्राटदाराची पाटी असते, जमिनी तिसऱ्याच माणसाच्या नावाने घेतलेल्या असतात आणि पर्यावरण मंजुरी चौथ्या कंपनीच्या नावावर असते. तक्रार चुकीच्या नावाने गेली की ‘आमचा संबंध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तुमचे महिने वाया जातात.

तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा, जमीन कोणी घेतली ते कळेल. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचं पत्र शोधा. त्यावर प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, ते उतरवून घ्या. मग त्या कंपनीचा सीआयएन, म्हणजे २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळवा. कंपनीच्या लेटरहेडवर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे, ‘यू’ असेल तर नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर या क्रमांकावरून संचालकांची नावं निघतात, आणि ‘चार्ज’ या रकान्यात कुठल्या बँकेचं कर्ज आहे तेही दिसतं. हा बँकेचा धागा नीट जपा, सातव्या पायरीत लागेल.

२. कंपनीला तिच्याच कागदात पकडा

व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये मंजूर झाली. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली, त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं आहे. दोन्ही वाचायला छान आहेत, पण त्यांच्या जोरावर कोर्टात कंपनीला खेचता येत नाही.

उपयोगी पडतो तो सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा नियम. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२–२३ पासून दरवर्षी बीआरएसआर नावाचा, व्यवसायाच्या जबाबदारीविषयीचा अहवाल द्यावा लागतो. वार्षिक अहवालातच तो असतो आणि बीएसई, एनएसईच्या संकेतस्थळांवर कोणालाही मोफत मिळतो. त्याच्या पहिल्या भागात तक्रारींचा तक्ता असतो. पहिलीच ओळ ‘समुदाय’ अशी असते, आणि तिच्यासमोर रकाने असतात: तक्रार निवारणाची व्यवस्था आहे का, वर्षात किती तक्रारी आल्या, वर्षअखेर किती प्रलंबित. तिथे शून्य दिसलं आणि तुमच्याकडे त्याच वर्षातल्या तक्रारीची पोच असली, तर कंपनीने बाजाराला चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा तुमच्या हाती लागतो. गावकऱ्यांच्या निवेदनाला केराची टोपली दाखवणारे अधिकारी सेबीच्या नावाने सावध होतात.

म्हणून धमकी आली की कंपनीला पत्र पाठवा. साहेबांना फोन करून उपयोग नाही. पत्र कंपनी सचिवाच्या नावाने नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि सोबत ईमेलने, त्याची प्रत प्रकल्पप्रमुखाला. मजकूर असा चालेल:

‘आपल्या (प्रकल्पाचे नाव) या प्रकल्पाबाबत आम्ही ग्रामसभेत व कायदेशीर मार्गाने प्रश्न मांडत आहोत. दि. ___ रोजी ___ वाजता ___ येथे, स्वतःला आपल्या कंपनीची माणसे म्हणवणाऱ्या व्यक्तींनी ‘___’ असे शब्द वापरले. ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहोत. सदर पत्र समुदायाची तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा व केलेली कार्यवाही १५ दिवसांत लेखी कळवावी.’

‘स्वतःला कंपनीची माणसे म्हणवणाऱ्या’ हे शब्द गाळू नका. ती माणसं कंपनीचीच होती हे सिद्ध करण्याचं ओझं तुम्ही आधीच डोक्यावर घेण्याची गरज नाही.

सापळा: पत्रानंतर ‘चर्चेला या’ असा निरोप येतो. एकट्याने जाऊ नका, हॉटेलात तर मुळीच नको. आणि हजेरीपत्रकावर मुकाट सही करू नका. चहा-बिस्किटांसाठी जमलेल्यांच्या सह्यांचा कागद पुढे ‘ग्रामस्थांची संमती’ म्हणून फिरताना मी पाहिला आहे. सही करायचीच तर तिच्यावर ‘विरोध नोंदवून उपस्थित’ असं लिहा.

कंपनी सूचीबद्ध असेल तर गावातल्या कोणीतरी तिचा एक शेअर घेऊन ठेवावा. वार्षिक सभेत वक्ता म्हणून नाव नोंदवलं की संचालकांना थेट प्रश्न टाकता येतो.

३. धमक्यांची वही

दोनशे पानी वही घ्या. पानांना आधीच क्रमांक घाला, म्हणजे मागाहून पान घुसवलं असा आरोप होणार नाही. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहा.

‘धमकी दिली’ असं लिहू नका. माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘तुझा पोरगा कॉलेजला कुठल्या एसटीने जातो ते ठाऊक आहे आम्हाला.’ या वाक्यात शिवी नाही की मारण्याची भाषा नाही, पण वाचणाऱ्या न्यायाधीशाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि कॉलचं रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या. कापाकापी करू नका. नवीन मोबाईल घेतलात तरी जुना विकू नका. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी त्याला ‘६५ ब’ म्हणायचे. वहीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला गावाबाहेरच्या एका विश्वासू माणसाला पाठवत राहा.

४. पोलिस ठाणं

नुसत्या तोंडी धमकीची बहुधा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. ‘एनसीने काय होतंय’ म्हणून लोक परत येतात, हे चूक आहे. एनसीचा क्रमांक म्हणजे पोलिसांना त्या तारखेला कळलं होतं याचा पुरावा. तो घ्याच, आणि तपासासाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी मागणारा अर्ज वकिलाकरवी द्या.

गुन्हा दखलपात्र असून ठाणेदार एफआयआर घेत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथेही काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकारी. तक्रार ईमेलनेही देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो का ते आधी तपासा. त्याच्या कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची स्पष्ट तरतूद आहे.

गंभीर गुन्ह्यात तुम्ही साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी तिला मान्यता दिली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते आणि पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. हा अर्ज करायचा असतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता उलटी बाजू. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी पोलिसपाटील किंवा हवालदार नोटीस घेऊन येतो. गावात तिला अजून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ म्हणतात, नव्या संहितेत ते कलम १६८ आहे. ती घ्या, वेळ टाकून सही करा, आणि दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर द्या की कार्यक्रम शांततेचा आहे. कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र मागितलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. ‘यापुढे प्रकल्पाला विरोध करणार नाही’ असं लिहून द्यायला सांगितलं तर साफ नकार द्या, तसं लिहून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. तडीपारीची नोटीस आली तर म्हणणं मांडायची तारीख चुकवू नका. आदेश निघालाच तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

आणखी एक माहिती काढा: प्रकल्पावरच्या बंदोबस्ताचे पैसे कोण भरतं? गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी हाच प्रश्न जगभर गाजला. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले आणि बायकांना घरातून ओढून मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने जानेवारी १९९९ च्या अहवालात प्रकल्पामागच्या एन्रॉन कंपनीवर संगनमताचा ठपका ठेवला. त्यातला एक आधार असा की अत्याचार करणाऱ्या दलाच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनीच देत होती. आज हे माहिती अधिकारात विचारता येतं: ‘अमुक कालावधीत अमुक प्रकल्पासाठी पुरवलेला सशुल्क बंदोबस्त, त्यासाठी आलेली मागणीपत्रं व भरलेल्या रकमेच्या पावत्या यांच्या प्रती.’ महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, फी १० रुपये. अर्ज दोन-तीन वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी टाकले तर एकाच नावावर डोळा राहत नाही.

५. जनसुनावणी

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस वर्तमानपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध हवा, चित्रीकरण हवं, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायला हवं. ते वाचून होईपर्यंत मंडप सोडू नका. तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून नोंदवायला लावा.

बहिष्कार आणि उधळून लावणं, दोन्ही मोहात पाडतात. पण सुनावणीला कोरम लागत नाही, रिकाम्या खुर्च्यांसमोरही ती वैध ठरते. आणि स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येत नाही असा अहवाल गेला तर सुनावणीच रद्द करण्याची वाट त्याच अधिसूचनेत आहे. त्यामुळे बोला, आणि जे बोललात ते लेखीही द्या. धमक्या आल्या असतील तर तेही सुनावणीतच सांगा. जिल्हाधिकाऱ्यांसमोर, कॅमेऱ्यावर आणि कंपनीच्या देखत सांगितलेली गोष्ट कोणाला माहीत नव्हती असं पुढे म्हणता येत नाही.

६. आयोग आणि हरित न्यायाधिकरण

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात रक्षकांच्या तक्रारींसाठी वेगळा संपर्क अधिकारी नेमलेला असतो. तक्रार ऑनलाइन, विनाशुल्क करता येते. पण तीन गोष्टी सांभाळा. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग दखल घेत नाही. राज्य आयोगाकडे आधीच प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग ते हाताळत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकाच वेळी पाठवू नका. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आयोगाचा कायदा सरकारी नोकराने केलेल्या उल्लंघनाविषयी किंवा ते रोखण्यातल्या हलगर्जीपणाविषयी आहे. ‘कंपनीने धमकावलं’ एवढंच लिहिलंत तर तक्रार निकालात निघायची. ‘अमुक तारखेला एनसी नोंदवूनही पोलिसांनी संरक्षण दिलं नाही’ असं लिहा.

पर्यावरणाच्या मुद्द्यासाठी पुण्यातलं हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ. मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद.

७. पैशाचा उगम

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ती खाण काढू पाहणाऱ्या वेदांता कंपनीचं मुख्यालय लंडनला होतं, म्हणून सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या आदिवासींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या नियमांखाली कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं असं केंद्र प्रत्येक सहभागी देशात असतं. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, असा निष्कर्ष त्या केंद्राने २००९ मध्ये दिला. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने तर २००७ मध्येच वेदांतातली गुंतवणूक काढून घेतली होती. नियमगिरीचा फैसला शेवटी केला तो १२ ग्रामसभांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर. पण परदेशातल्या या निष्कर्षांनी ‘सगळं आलबेल आहे’ हा कंपनीचा दावा आधीच पोकळ करून टाकला होता. भारत या ओईसीडी व्यवस्थेत नाही, त्यामुळे हा मार्ग मुख्य कंपनी परदेशी असेल तेव्हाच खुला होतो.

कर्ज आयएफसीचं, म्हणजे जागतिक बँक गटातल्या खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेचं असेल तर सीएओ नावाच्या तक्रार कार्यालयाकडे जाता येतं. तक्रार कोणत्याही भाषेत चालते, मराठीतही, आणि नावं गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. भाबडी आशा मात्र नको. गुजरातेत मुंद्र्याच्या वीज प्रकल्पाविरुद्ध मच्छीमारांनी या मार्गाने आयएफसीच्या त्रुटी नोंदवून घेतल्या, अमेरिकेत आयएफसीवर दावाही लावला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयएफसीला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही असं ठरवलं, तरीही तो दावा पुढे खालच्या न्यायालयांत टिकला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क रक्षकांविषयीच्या विशेष प्रतिवेदकांना थेट लिहिता येतं. त्याआधी इथल्या कोर्टाची पायरी चढलेली असावी अशी अट नाही. प्रतिवेदक सरकारला आणि कंपनीलाही पत्र पाठवू शकतात, आणि ते पत्र साधारण ६० दिवसांनी सार्वजनिक होतं. ज्यांचं नाव पत्रात येणार त्यांची संमती आधी घ्या.

सापळा: परदेशी संस्थेने तातडीची मदत देऊ केली तर गटाच्या खात्यात पैसे घेण्याआधी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची बाजू जाणकाराकडून तपासून घ्या. एका चुकीच्या व्यवहाराने मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्हीच आरोपी होता.

८. बदनामीचा दावा

कोटींचा आकडा वाचून पायाखालची जमीन सरकते. तो आकडा त्यासाठीच असतो. ओडिशातल्या धामरा बंदरावरून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने कासवांचा एक ऑनलाइन खेळ काढला, तेव्हा टाटा सन्सने १० कोटींचा दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, खटला चालण्याआधीच मजकुरावर सरसकट बंदी घालू नये असं बजावलं.

कंपनीची नोटीस आली की तालुका आणि जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. ९० दिवस ती चालते, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम निघण्याचा धोका बराच कमी होतो. पोस्ट टाकताना विशेषणं टाळा. ‘चोर कंपनी’ लिहिण्यापेक्षा ‘मंजुरीतील अट क्रमांक ७ नुसार पाणी सोडण्यास बंदी आहे, हा ओढ्याचा फोटो, तारीख अमुक’ हे जास्त झोंबतं आणि कोर्टातही टिकतं.

९. जीव सांभाळा

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन घोटाळे उघड करत होते. त्यांनी पोलिस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० रोजी रोजच्यासारखे सकाळी फिरायला निघाले असताना त्यांची हत्या झाली. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या विषयावर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ही नावं घाबरवायला सांगत नाही. ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ बदला, मोठी बातमी किंवा अर्ज बाहेर पडेल त्या आठवड्यात एकटे दुचाकीवर फिरू नका, एवढं त्यांतून घ्या. अर्ज, पत्रं आणि बोलणं एकाच माणसाच्या नावावर राहू देऊ नका. ग्रामसभेचा ठराव असेल तर विरोध एका व्यक्तीचा राहत नाही.

घरातल्यांना अंधारात ठेवू नका. वकिलाचा नंबर, ११२, आणि जिल्ह्यातल्या एका पत्रकाराचा नंबर कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ किंवा फ्रिजवर लावा. मोबाईल जप्त झाला तर पाठ असलेले नंबर कोणाकडेच नसतात.

फाइलमध्ये काय असावं

- सातबारा, फेरफार, पर्यावरण मंजुरीचं पत्र, सीआयएन
- कंपनीला पाठवलेली पत्रं, पोस्टाच्या पावत्या, पोच
- एनसी, एफआयआर, नोटिसा आणि तुमची उत्तरं, प्रत्येकावर आवक क्रमांक आणि शिक्का
- वहीच्या पानांच्या प्रती
- सही केलेले दोन कोरे वकालतनामे, आपल्या वकिलाकडेच ठेवलेले
- ग्रामसभेच्या ठरावाची साक्षांकित प्रत
- घरातल्या एका माणसाच्या नावाने अधिकारपत्र, म्हणजे तुम्हाला ताब्यात घेतलं तर अर्ज कोणी करायचा यावरून ठाण्याच्या दारात वाद होणार नाही

आवक बारनिशीतला कारकून ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाला तर साहेबांची गरज नसते. शिक्का त्याच्याच टेबलावर असतो, तो मागा. नाहीच दिला तर तिथूनच कार्यालयाच्या ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा आणि त्या कारकुनाचं नाव व वेळ वहीत लिहा.